विकणारा हाच पहिला गुरु

आजच्या भाषणाचा विषय विजेची मोटार हा आहे. पण त्या मोटारीच्या यंत्ररचनेपेक्षां ती विकणाऱ्या माणसाच्या ज्ञानाविषयीं मला अधिक बोलावयाचें आहे. हा विषय वरवर पाहतां बाजारांतला वाटेल, आणि इतिहासाशीं त्याचा काय संबंध, असेंहि कोणी विचारील. परंतु आपल्या समाजांत जेव्हां जेव्हां नवें यंत्र आलें, तेव्हां तें कोणीं विकलें, विकतांना काय सांगितलें, आणि विकल्यानंतर गिऱ्हाईकाकडे पुन्हां फिरून पाहिलें कीं नाहीं, यावरच तें यंत्र बहुधा टिकलें किंवा अडगळींत पडलें. हा इतिहास आहे, आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखास तो आज विशेष लागू पडतो.

चंद्रपुरास जुनीं माणसें अजूनहि चांदा म्हणतात. या चांद्याच्या मुलखांत विजेची वाण नाहीं. वरोऱ्यास कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकांतच सुरू झाली होती. बल्लारपूर, माजरी, घुग्गुस हीं नांवें कोळशामुळेंच दूरवर गेलीं. आणि १९८० नंतरच्या दशकांत चंद्रपुराजवळ दुर्गापूर येथें जें महाऔष्णिक विद्युत्-केंद्र उभें राहिलें, त्याची शक्ति वाढत वाढत २९२० मेगावॅटपर्यंत पोंचली. येथील विजेवर मुंबई-पुण्याकडचे दिवे लागतात, हें आमच्या शाळेंतील पोरांना पाठ असे. तेव्हां विजेची मोटार येथें घरच्यासारखी नांदावी, असें कोणासहि वाटेल.

परंतु नकाशा उघडून बसलें म्हणजे निराळें चित्र दिसूं लागतें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग वेगळा काढून गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. त्याच्या भूमीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग अरण्यानें व्यापलेला आहे. रेल्वेचा लाभ कित्येक दशकें एकट्या वडसा स्थानकापुरताच राहिला. गडचिरोलीहून दक्षिणेस सिरोंचा सुमारें २०० किलोमीटरांवर. वाटेंत आलापल्लीचें सागवान आणि तुरळक वस्ती. भामरागडापाशीं पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यांत पर्लकोटा फुगली कीं त्या तालुक्याचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटावा, हें वर्षानुवर्षें घडत आलें आहे. अशा ठिकाणीं मोटार ही हौस नव्हे. अडलेली बाळंतीण, सर्पदंशाचा रोगी, परीक्षेस निघालेलीं मुलें, कोर्टाची तारीख, हीं सारीं तिच्या चाकांवर अवलंबून असतात. त्या चाकांनीं मध्येंच दगा दिला, तर हांकेला ओ देणारा माणूस भेटेलच याचा भरंवसा नाहीं. म्हणून मोटार विकणाऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या एका आंकड्याला येथें शहरापेक्षां अधिक वजन आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. महाराष्ट्रांत यंत्र विकण्याची विद्या ज्यांनीं घालून दिली, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचें नांव अग्रभागीं येतें. लक्ष्मणराव मूळचे शिक्षक. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिकवीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किर्लोस्कर बंधूंनीं बेळगांवांत सायकली विकण्याचा धंदा आरंभिला. त्या काळीं सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये पडे. आणि ती चालवावयास शिकविण्याचे १५ रुपये निराळे घेतले जात. या १५ रुपयांचा मी पुष्कळदां विचार केला आहे. ज्या वस्तूवर बसतांच माणूस पडतो, ती वस्तु नुसती हातीं देऊन चालणार नाहीं. तिच्याबरोबर तोल सांभाळण्याची विद्याहि द्यावी लागेल, हें या शिक्षकास ठाऊक होतें, आणि त्या विद्येचें मोल तो उघडपणें मागत होता.

पुढें १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनीं लोखंडी नांगर तयार केला. तेव्हां शेतकऱ्यांच्या मनांत अशी भीति होती कीं, लोखंडानें जमीन विषारी होईल. ही भीति जाहिरातीनें गेली नाहीं आणि नांगर खपावयास बराच काळ लागला. शेतावर जाऊन नांगर धरून दाखवावा, फाळ झिजला तर दुसरा द्यावा, तक्रार ऐकावी आणि पुढच्या नांगरांत ती दूर करावी, या मार्गानेंच तो मराठी मातींत रुजला. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली; आणि १९२० सालीं तेथून 'किर्लोस्कर खबर' हें मासिक निघूं लागलें. कारखाना, त्याचे विक्रेते आणि गिऱ्हाइकें यांना एकमेकांशीं जोडावें, हा त्याचा मूळ हेतु. आपल्या भाषेंतील एका नामांकित मासिकाचा उगम माल घेणाऱ्याला माहिती पुरविण्यांत आहे, ही गोष्ट आज कित्येकांच्या स्मरणांतून गेली आहे.

येथें कोणी विचारील कीं, पेट्रोलच्या मोटारीला असा गुरु कोठें लागला? लागला, पण तिचें शिक्षण शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेलें आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींत बर्था बेंझ नांवाची बाई नवऱ्यानें बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला निघाली, तेव्हां वाटेंत पेट्रोलचा पंप नव्हता. वीसलोख येथील एका औषधाच्या दुकानांतून तिनें इंधन विकत घेतलें. तुंबलेली नळी टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडें लावून घेतलें. त्या दिवशीं ती गिऱ्हाईक होती, चालक होती आणि मिस्त्रीहि होती. तेथपासून पेट्रोल व डिझेलच्या गाड्यांचें ज्ञान हळूहळू दुकानाबाहेर झिरपत गेलें. आमच्याकडे सागाचे लाकूड वाहणारे ट्रक, कोळशाच्या गाड्या आणि एस. टी.च्या बसगाड्या यांनीं दोन-तीन पिढ्या मिस्त्री तयार केले. आज आष्टीस किंवा आलापल्लीस डिझेलची गाडी बंद पडली, तर नळींत हवा धरली आहे कीं पाण्याची टाकी तापली आहे, हें सांगणारा कोणी ना कोणी झाडाखालीं भेटतोच. अशा गाडीचा विक्रेता अडाणी असला, तरी गिऱ्हाइकाचें फारसें अडत नाहीं. कारण विक्रेत्याच्या ठायीं जें ज्ञान नाहीं, तें रस्त्यावर मिळतें.

विजेच्या मोटारीची अडचण नेमकी येथेंच आहे. तिचें ज्ञान रस्त्यावर अजून उतरलेलें नाहीं. तिच्या पोटांतील बॅटरी शेंकडों व्होल्टांची असते. तिला हात लावणें शिकलेल्या माणसाचेंच काम आहे, आणि गांवच्या मिस्त्रीनें धाडस केलें तर जिवावर बेतेल. ज्ञानाचा सारा सांठा जिल्ह्याच्या गांवीं असलेल्या पेढींत, किंबहुना त्या पेढीवर टाय लावून उभ्या असलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यांत असावयास हवा. तो तेथें नसेल, तर ऐंशी-शंभर किलोमीटरांच्या टापूंत दुसरीकडे कोठें शोधावयाचा?

विजेची मोटार ही कालपरवांची वस्तु, अशी पुष्कळांची समजूत आहे. वास्तविक ती पेट्रोलच्या मोटारीची जुळी बहीण. अमेरिकेंत १९०० सालीं ज्या ४१९२ मोटारी तयार झाल्या, त्यांपैकीं १६८१ वाफेच्या, १५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. पुढें विजेची गाडी मागें पडली. टेक्ससमध्यें तेल सांपडलें, १९०८ पासून फोर्डची स्वस्त गाडी आली, आणि १९१२ सालीं हातानें दांडा फिरविण्याची कटकट घालविणारा विजेचा स्टार्टर पेट्रोलच्या गाडीलाच जोडला गेला. हीं कारणें सर्वश्रुत आहेत. परंतु त्याच काळांत हार्टफर्ड नांवाच्या गांवीं एक निराळा प्रयोग झाला. तेथील वीज कंपनीनें १९१० पासून १९२४ पर्यंत अशी सोय चालविली कीं, मालवाहू विजेची गाडी घेणारानें बॅटरी विकत घ्यावयाचीच नाहीं. उतरलेली बॅटरी कंपनीच्या ठाण्यावर द्यावी, भरलेली घ्यावी, आणि गाडी जितके मैल धांवेल तितके पैसे भरावे. या योजनेखालीं गाड्या साठ लाख मैलांहून अधिक धांवल्या. गिऱ्हाइकाला बॅटरीची जी धास्ती वाटत होती, ती विकणाऱ्यानें आपल्या शिरावर घेतली, हें त्या यशाचें मर्म होय. शंभर वर्षांपूर्वींचा हा धडा आजच्या कोणत्याहि पेढीनें भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

आपल्या देशांत विजेचें वाहन प्रथम लोकांनीं पाहिलें तें तारेला बांधलेलें. मुंबईत १९०७ सालीं विजेची ट्राम सुरू झाली. तिची काळजी कंपनी घेई, उतारूनें फक्त तिकीट काढावें. स्वतःच्या मालकीची विजेची मोटार पुष्कळ उशिरां आली. केरळांतील चालकुडीच्या एका कारखान्यानें १९९३ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत 'लव्हबर्ड' नांवाची छोटी गाडी मांडली. ती फारशी खपली नाहीं. २००१ सालीं बंगळूरांत 'रेवा' आली. शिशाच्या बॅटरीवर ती एका दमांत सुमारें ८० किलोमीटर जाई. शहरांतल्या शहरांत ती चालली. परंतु शहर आणि कारखाना एकमेकांजवळ असल्यानें तिच्या मालकाला मदत हाताशीं होती, हें विसरूं नये. २०१० सालीं महिंद्र कंपनीनें ती संस्था आपल्या छत्राखालीं घेतली.

यानंतरचा प्रयोग आमच्या दाराशींच झाला. २६ मे २०१७ रोजीं नागपुरांत ओला आणि महिंद्र या कंपन्यांनीं मिळून विजेवर चालणाऱ्या २०० वाहनांचा ताफा रस्त्यावर आणला. टॅक्सी, रिक्षा, बस असा सर्व प्रकार त्यांत होता. देशांतील असा हा पहिलाच उपक्रम म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि तो योग्यहि होता. पण वर्ष उलटण्यापूर्वींच वृत्तसंस्थांनीं निराळी वार्ता दिली. चार्जिंगच्या ठाण्यांवर तासन्‌तास रांगेंत उभें राहावें लागतें, खर्च परवडत नाहीं, म्हणून कित्येक चालक पुन्हां डिझेलकडे वळूं लागले होते. गाड्यांत मोठा दोष नव्हता. ज्या चालकाचें पोट दिवसाच्या फेऱ्यांवर भरतें, त्याला एका फेरीनंतर किती वेळ थांबावें लागेल, याचा हिशेब गाडी देतांनाच मांडावयास हवा होता, आणि त्या हिशेबाप्रमाणें ठाणीं उभीं राहावयास हवीं होतीं. पितळी तांब्या विकला, पण विहिरीवर दोर नाहीं, अशांतला हा प्रकार झाला.

२८ जानेवारी २०२० रोजीं टाटांची 'नेक्सॉन' ही विजेची गाडी बाजारांत आली. ती पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवीं तयार होते, आणि मध्यमवर्गीय कुटुंबानें लांबच्या प्रवासासाठीं विचारांत घ्यावी अशी ही देशांतील जवळजवळ पहिलीच विजेची मोटार म्हणतां येईल. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. हें युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलावर असतें तेंच. पुण्याच्या ए. आर. ए. आय. या परीक्षण-संस्थेच्या दाखल्याप्रमाणें ती एका भरणींत ३१२ किलोमीटर जाई. आतां या आंकड्याकडे चंद्रपूरच्या माणसानें कसें पाहिलें असतें, याचा विचार करा. चंद्रपूर ते नागपूर सुमारें १५० किलोमीटर. जाऊन येऊन ३००. आंकडा ३१२. म्हणजे सकाळीं निघावें, नागपूरचें काम उरकावें, आणि रात्रीं घरीं येऊन जेवावें, बारा किलोमीटर वर शिल्लक! पाटीवर हिशेब बिनचूक उतरतो. परंतु परीक्षण-संस्थेचा आंकडा ठराविक परिस्थितींत, ठराविक वेगानें काढलेला असतो. प्रत्यक्ष रस्त्यावर, गारव्याचें यंत्र चालू ठेवून, चार माणसें बसवून तीच गाडी २०० किलोमीटरांच्या आसपास जाते, असा पुष्कळांचा अनुभव होता. २०० धरलें, तर परतीच्या वाटेवर बुटीबोरी मागें पडल्यावर आणि जाम यावयाच्या आंत गाडीचा कांटा शून्यावर टेकतो.

हा प्रश्न केवळ विदर्भाचा नव्हता. १ मार्च २०२१ रोजीं दिल्ली सरकारनें, गाडी सांगितलेलें अंतर जात नाहीं अशा तक्रारींवरून, या गाडीवरील अनुदान तात्पुरतें थांबविलें. कंपनीचें म्हणणें असें पडलें कीं, अंतर हें हांकण्याची रीत, रस्ता आणि गारव्याच्या यंत्राचा वापर यांवर अवलंबून असतें. पुढें दिल्ली उच्च न्यायालयानें त्या आदेशास स्थगिती दिली. कायद्याचा कौल बाजूस ठेवूं. शिक्षकाच्या दृष्टीनें पाहतां, कंपनीनें न्यायालयाच्या वेळीं जें वाक्य उच्चारलें, तेंच वाक्य पेढीवरच्या मुलानें गाडी विकतांना उच्चारलें असतें, तर तक्रारीचें बीजच पडलें नसतें. पुढें मोठ्या बॅटरीच्या गाड्या निघाल्या आणि आंकडे वाढले. परंतु दाखल्यावरचा आंकडा आणि रस्त्यावरचा आंकडा यांतील अंतर कायम आहे, आणि तें समजावून देण्याचें काम विक्रेत्याचें, हेंहि कायम आहे.

विक्रेते हें काम कां करीत नाहींत? ही केवळ आपल्याकडची उणीव मानूं नये. विजेच्या मोटारींत जगाच्या पुढें असलेल्या उत्तर युरोपांत याची रीतसर पाहणी झाली. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे व स्वीडन या पांच देशांतील ८२ पेढ्यांवर संशोधक साध्या गिऱ्हाइकाच्या वेषांत १२६ वेळां गेले. त्यांचा निबंध २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. पुष्कळ ठिकाणीं विक्रेत्यांनीं विजेच्या गाडीचें नांवच काढलें नाहीं. कांहींनीं चुकीची माहिती दिली. कांहींनीं गिऱ्हाइकास पेट्रोल-डिझेलकडे वळविलें. कारणेंहि मानवी आहेत. विजेची गाडी विकावयास अधिक वेळ लागतो, अधिक प्रश्नांना उत्तरें द्यावीं लागतात. आणि तिच्यांत इंजिनचें तेल बदलणें नाहीं, क्लच नाहीं, त्यामुळें पुढच्या दुरुस्तीची मिळकतहि कमी. ज्या मास्तराचा धडा कच्चा असतो, तो एक तर आवाज चढवितो किंवा पुढच्या पानावर उडी मारतो. पेढीवरचा मुलगाहि तसाच वागतो. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ अशाच एका पेढीवर गेले होते. गाडीचे रंग, कर्जाचे हप्ते, सणाची सूट हें सर्व तेथील मुलानें घडाघडा सांगितलें, परंतु "मे महिन्यांत ही किती धांवेल?" असें विचारतांच तो म्हणाला, "काका, काळजीच करूं नका." काळजी करूं नका हें उत्तर नव्हे. त्या मुलालाहि मी दोष देत नाहीं; त्याला कोणीं शिकविलेंच नसेल, तर तो तरी काय सांगणार?

आमच्या दोन जिल्ह्यांत विजेची मोटार विकणाऱ्याला निदान पांच गोष्टी ठाऊक असाव्या, असें मला वाटतें. पहिली गोष्ट अंतराची. येथें उन्हाळ्यांत पारा ४७ अंशांच्या पलीकडे जातो. तेव्हां गारव्याचें यंत्र बंद ठेवून प्रवास करा, असें कोणी सांगूं शकत नाहीं. म्हणून विक्रेत्यानें उन्हाळ्याचा आंकडा निराळा सांगावा, आणि सिरोंचा, एटापल्ली, कोरची, जिवती अशा खऱ्या वाटांवर गाडी चालवून तो काढलेला असावा. दुसरी गोष्ट घरच्या विजेची. ३० युनिटांची बॅटरी साध्या पंधरा अँपियरच्या प्लगवर भरावयास आठ-नऊ तास लागतात. तितका वेळ सलग भार सोसण्याजोगी तार घरांत आहे काय, भूमिगत जोडणी, जिला आपण अर्थिंग म्हणतों, ती नीट आहे काय, मंजूर भार पुरेसा आहे काय, आणि रात्रीं वीज गेली तर सकाळीं गाडी किती भरलेली मिळेल, हें घर पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं. तिसरी गोष्ट वाटेवरच्या ठाण्यांची. वेगानें भरणारें ठाणें ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरतें आणि मग मंदावतें. शिवाय नकाशावर दिसणारें ठाणें त्या दिवशीं चालू असेलच असें नाहीं. तेव्हां कोणत्या ठाण्यास फोन करून निघावें, याची यादी विक्रेत्याच्या खिशांत असावी.

चौथी गोष्ट हमीची. बॅटरीची हमी आठ वर्षें किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तेथपर्यंत, अशा धर्तीची असते. 'जें आधीं' हे दोन शब्द गिऱ्हाइकास मोठ्यानें वाचून दाखवावे. रोज लांबचा प्रवास करणाराची हमी पांच वर्षांतहि संपूं शकते. पांचवी आणि या अरण्यांत सर्वांत मोठी गोष्ट मदतीची. विजेची गाडी बंद पडली, तर चाकें जमिनीवर ठेवून ती दोरानें ओढीत नेणें बहुतेक ठिकाणीं वर्ज्य सांगितलेलें असतें; तिला सपाट पाठीच्या गाडीवर चढवून न्यावें लागतें. अशी गाडी कोठून निघेल, आलापल्लीस पोंचावयास तिला किती तास लागतील, आणि उच्च दाबाच्या विजेचें काम शिकलेला कारागीर चंद्रपुरांत आहे कीं नागपुराहून यावा लागेल, या तीन प्रश्नांचीं उत्तरें पैसे घेण्यापूर्वीं द्यावीं. तींहि ऐकणाराच्या भाषेंत. सिरोंच्यास तेलुगु बोलतात, भामरागडास माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली कुटुंबें आहेत, कोरचीकडे छत्तीसगढी ऐकूं येते. छापील इंग्रजी पुस्तिका हातीं दिली म्हणजे ज्ञान दिलें, असें होत नाहीं.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल कीं, अशा आडभागांत इतकें शिकलेलीं माणसें आणावयाचीं कोठून? याचें उत्तर गडचिरोलीनेंच जगाला देऊन ठेवलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें येथील ३९ गांवांत, बेताचें शिक्षण झालेल्या गांवच्याच बायांना नवजात बालकाची काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तेथें नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले. मोठें रुग्णालय दूर होतें. ज्ञान मात्र दारांत होतें. ज्या जिल्ह्यांत साध्या घरच्या बाईला श्वास कोंडलेलें मूल वांचविण्याची विद्या शिकवितां आली, त्या जिल्ह्यांतल्या मॅट्रिक झालेल्या चलाख मुलाला बॅटरीची विद्या शिकवितां येणार नाहीं, असें कोण म्हणेल? आय. टी. आय.मधून बाहेर पडणारे वीजतंत्री आहेत. दोन-तीन पिढ्यांचे मिस्त्री आहेत. त्यांना पेढीनें आणि कारखान्यानें नीट शिकवावें, आष्टी, अहेरी, आरमोरी अशा ठिकाणीं निदान एकेक जाणता माणूस नेमावा. किर्लोस्करांच्या १५ रुपयांप्रमाणें या शिक्षणाचें मोल गाडीच्या किमतींत उघडपणें धरलें, तरी गिऱ्हाईक कुरकुरणार नाहीं.

गिऱ्हाइकाचेंहि कांहीं कर्तव्य आहेच. १९८६ च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या ग्राहक-संरक्षण कायद्यानें वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणें हा ग्राहकाचा हक्क ठरविला आहे. हा नवा कायदा जुलै २०२० मध्यें अंमलांत आला. फसगत झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते, आणि १९१५ या क्रमांकावर सल्लाहि मिळतो. परंतु तोंडी शब्दाची साक्ष काढणें कठीण. म्हणून पेढीवर जातांना आपल्या नेहमींच्या वाटांचा कागद बरोबर न्यावा; कोठून कोठें, किती किलोमीटर, महिन्यांतून कितीदां, हें लिहून न्यावें; आणि विक्रेत्यानें दिलेलें उत्तर त्याच्याच सहीनें त्याच कागदावर घ्यावें. शक्य तर उन्हाच्या दिवशीं, घरचीं माणसें बसवून, लांबची फेरी मारून पाहावी. एखाद्या प्रश्नावर समोरचा मुलगा "मला हें ठाऊक नाहीं, विचारून उद्यां सांगतों" असें म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें खरोखरच सांगितलें, तर त्याच्याकडूनच गाडी घ्यावी. चांगल्या शिक्षकाची ती पहिली खूण आहे.

श्रोतेहो, विजेची मोटार वाईट आहे, ती घेऊं नका, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणीं काढूं नये. तिचा धूर आमच्या गल्लींत होत नाहीं, तिचा आवाज नाहीं, आणि तिला लागणारा खर्च घरच्या विजेवर पेट्रोलहून पुष्कळ कमी येतो. कोळशाच्या राखेंत वाढलेल्या चंद्रपुरास स्वच्छ वाहनाचें महत्त्व कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. परंतु सायकल असो, नांगर असो कीं मोटार असो, यंत्र एकटें कधींच नांदत नाहीं. त्याच्याबरोबर तें समजावून देणारा माणूस यावा लागतो. बेळगांवच्या रस्त्यावर सायकलीचा तोल शिकविणाऱ्या त्या जुन्या शिक्षकाचा वारसा आज चंद्रपूरच्या आणि गडचिरोलीच्या पेढ्यांकडे आला आहे. तो त्यांनीं ओळखावा, आणि न ओळखला तर गिऱ्हाइकांनीं त्यांना त्याची आठवण द्यावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.